दुसऱ्या पानावरचा जयवंत

चूक नाही गं ती, मुद्दामच गाळलाय मी तो परिच्छेद — बस आधी, नलिनीताई नलिनीताई करत डोक्यावर उभी राहू नकोस — दुसऱ्या पानावर तू जयवंतचं लिहिलंस ना, की भावाला एकोणिसाव्या वर्षापासून कानात आवाज येतात, आईने आधी भगताकडे नेलं आणि मग शॉक द्यायला, आणि म्हणून मला अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करायचीय — ते अख्खं काढलं. बाकी सगळं आहे बघ, एम.ए.चे मार्क, प्रोफेसरांची नावं. वीस वर्षं पार्ल्यात टायपिंग क्लास चालवतेय, कुंदा, कोणाच्या कागदात काय ठेवायचं ते कळतं मला. निम्मं काम लग्नाच्या बायोडाटांचं. त्यात घरातला आजार कोणी लिहितं का? हो, माहितीय, विद्यापीठ मुलगी बघायला येत नाही. पण कागद तो कागद, उद्या कार्बन कॉपी कोणाच्या हाती पडली म्हणजे?

काय? तेच पहिलं विचारतात — हे का शिकायचंय म्हणून? अस्सं. म्हणजे जयवंतला काढल्यावर अर्जात राहिले नुसते मार्क, आणि मार्क तर सगळ्यांनाच असतात. वाट लावली की मी तुझी. आणि रजिस्टर पोस्टाने हे आजच गेलं पाहिजे, नाहीतर तारीख हुकली, वर्ष गेलं. पोस्ट बंद व्हायला चाळीस मिनिटं आहेत. दे तो कच्चा कागद इकडे, पान परत टाइप करते. बोल तू, बोलताना माझा हात चुकत नाही.

माझ्या बहिणीचा, शेवंतीचा बायोडाटा मीच टाइप केलेला. बी.ए., रंग गोरा, स्वयंपाक येतो, स्वभाव शांत. शांत म्हणजे — तीन-तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. खोटं कुठे लिहिलं मी? शांतच होती. मुलगा मुलुंडचा, चांगला होता बिचारा. लग्नानंतर सतराव्या दिवशी ट्रंकेसकट आणून सोडली. सासूने तो बायोडाटा तेवढा माझ्या हातात परत दिला. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये सांगते, ती सावंतवाडीला मावशीकडे असते. तुलाही तेच सांगितलेलं ना मी?

सावंतवाडीला नाही. त्या पडद्याच्या आत आहे. आत्ता भांडं वाजलं ना, ते मांजर नाही. मशीन चालू असलं की ती स्वस्थ बसते, थांबलं की फेऱ्या मारते — म्हणून मी रविवारीही इथे बसून काहीबाही बडवते. डॉक्टरला नाही दाखवलं. नाव लिहून घेतात तिथे. भीती वाटली गं मला, दुसरं काय. आठ वर्षं नुसती भीती वाटली.

घे, झालं. जयवंत जसाच्या तसा आहे, शॉकसुद्धा. किती वर्षांचं असतं हे शिक्षण? पाच? पाच वर्षांनी शेवंती एक्केचाळीसची होईल. परत येशील ना तू, की तिकडेच — नाही, उगाच विचारलं.

अगं, तिकडे कुठे, दार या बाजूला आहे. पडद्याला हात नको लावूस. तिला परक्या माणसाची सवय नाही, आणि वीस मिनिटं राहिलीत तुझी. कुंदा. आधी पोस्टात जा.