बाविसावा नमस्कार

दमयंती : थांबा काकू, सरळ उठू नका. आदी कुशीवर व्हा.

सुमती : माहीत आहे गं. कुशीवर, पाय खाली, मग कोपराच्या जोरावर उठायचं. दीड महिना तेच चाललंय. तो पाठीचा पट्टा दे आणि खुर्चीवर बस बघू, अशी दारात उभी राहू नकोस.

दमयंती : नको. रुचिरावहिनी बोलल्या व्हत्या, या घरात परत पाय ठेवायचा नाय. वाचमन बळीराम पन गेटवर सोडत नव्हता. तुमीच बोलावलंय बोलले, तवा सोडलं.

सुमती : ती इंजेक्शनं आणायला गेलीय. रोज पोटात टोचायचं, दोन वर्षं. ऑपरेशनमध्ये मणक्यात सिमेंट भरलं, स्क्रू बसवले. पण डॉक्टर म्हणतात, हाडंच बिस्किटासारखी झालीत. पुन्हा वाकलात तर शेजारचा मणका जाईल.

दमयंती : मग नका वाकू.

सुमती : हे त्यांनी दोन वर्षांपूर्वीही सांगितलं होतं. सत्यजीतला, पोटच्या पोराला मी शब्द दिला होता, देवाला उभ्यानंच हात जोडीन म्हणून. पण अधिक महिना लागला. रोज तेहतीस नमस्कार, हा नेम सासूबाईंपासूनचा. मुलगा-सून ऑफिसला गेली की देवघराचं दार लोटायचं, गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं. त्या दिवशी बाविसाव्याला पाठीत कट्‌कन वाजलं.



सुमती : लादी कोरडी होती, दमयंती.

दमयंती : मला ठाव हाय.

सुमती : ठाऊक होतं तुला?

दमयंती : देवघर पुसलंच कुठं व्हतं? तुमीच बोललात, माझी पूजा होऊ दे. मी सैपाकघरात भांडी घासत व्हते. धावत आले तवा तुमी कपाळ टेकून तशाच. घसरलेला मानूस असा पडतो काय?

सुमती : मग बोलली का नाहीस?

दमयंती : कोनाला बोलू? तुमी रोज पोथी वाचनाऱ्या, एकादशीला पानी पन न घेनाऱ्या. तुमच्या तोंडातून निघालं लादी वली व्हती, म्हंजे ती वलीच. या बिल्डिंगमधली पाच घरं गेली माजी.

सुमती : रुचिरानं विचारलं, आई कशा पडलात? खरं सांगायची लाज वाटली. तुझं नाव घेताना नाही वाटली. हॉस्पिटलात रोज ठरवायचे, आज सांगेन. जपाची माळ हातात घेते, पण चार मण्यांपुढे सरकत नाही.

रुचिरा : आई, दार उघडं कसं? अरे... दमयंतीताई, तुम्ही?

सुमती : मी बोलावलंय. पिशवी ठेव आणि बस. मी घसरले नव्हते, रुचिरा. चोरून नमस्कार घालत होते. हिनं लादी पुसलीसुद्धा नव्हती.

रुचिरा : आई, काय बोलताय? मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. नाव घेऊन. हिला कामावर ठेवू नका म्हणून.

सुमती : माहीत आहे. तू मला वाचून दाखवलं होतंस. मी डोळे मिटून घेतले होते.

रुचिरा : सत्यजीतनं तर बळीरामला सांगून तिला गेटवरच अडवलं.

सुमती : तेही ऐकलं. आता त्याच ग्रुपवर माझं नाव टाक. मी सांगते तसं लिही, शब्द सौम्य करू नकोस. सत्यजीतला मी स्वतः सांगेन.

रुचिरा : दमयंतीताई, आम्ही... तुम्ही उद्यापासून परत याल?

दमयंती : नको वहिनी. तिकडं कोन गावात दोन घरं धरलीत मी. ग्रुपवरचं तुमी मिटवाल. पन आमच्या गावात, विचुंब्यात माजी सासू हाय, जावा हायत. त्या येता-जाता बोलतात, हिच्या हातानं म्हातारीची पाठ मोडली. तिथं तुमचा ग्रुप नाय.

सुमती : तिथं मी येते.

रुचिरा : आई, रस्ता बघितलाय का? केवढे खड्डे आहेत.

सुमती : पट्टा बांधून चाला म्हणालेत ना डॉक्टर? तू गाडी हळू चालव. दमयंती, तुझ्या घराला पायऱ्या किती?

दमयंती : एकच हाय. मी हात धरीन.