खात्री नसलेला अहवाल

समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आमचे निकम सर आणि काकू, प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी ज्योत्स्ना भोये, सरांच्या प्रयोगशाळेत काम करते. सरांनी सकाळीच बजावलंय, "स्तुती केलीस तर चहाला उठून जाईन." म्हणून मी एका इमारतीबद्दल बोलते.

२००१ चा मे महिना. हरसूलच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह आहे. स्लॅबचे पोपडे पडत होते, म्हणून आम्हाला तपासायला बोलावलं होतं. जूनमध्ये मुली येणार होत्या. सरांनी स्लॅबला जागोजागी बारीक भोकं पाडून औषध फवारलं. काँक्रीट सळईला अजून सांभाळत असेल तिथं ते गुलाबी होतं. रंग आला नाही तर आतली सळई गंजू शकते. तीन खोल्या गुलाबी निघाल्या. चौथीत एका भिंतीकडे गुलाबी, दुसरीकडे रंगच नाही.

अधीक्षिका कुसाबाई वर बघत म्हणाल्या, "सर, रंगपंचमी झाली. आता सांगा, पोरी ठेवू का नको?"

सर म्हणाले, "बाई, खात्रीनं नाही सांगता येत."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ज्याला खात्रीनं सांगता येतं तो इंजिनिअर, अशीच माझी समजूत. त्यामुळे मीही सरांकडे बघत राहिले.

वसतिगृहाचे चिटणीस म्हणाले, "मग धोकादायक लिहा. बंद करून टाकू. कुणाच्या अंगावर नको."

कुसाबाई शांतपणे म्हणाल्या, "करा की बंद. मागं दोघी सुट्टीत घरी ऱ्हायल्या, त्यांची लग्नं लागली. परत एक बी आली नाय. त्याला काय म्हणायचं, सुरक्षित?"

आता सांगा, अशा वेळी काय लिहायचं? सरांनी पहिल्याच ओळीत लिहिलं, 'या स्लॅबचं उरलेलं आयुष्य मला नक्की माहीत नाही.' चिटणीस म्हणाले, "असा कुठं अहवाल असतो का?" सर म्हणाले, "माहीत नाही म्हणून काय करायचं, ते खाली लिहिलंय." चौथी खोली रिकामी करून टेकू लावायचे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या खाली घ्यायच्या. बाकी खोल्या उघडायच्या, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायच्या.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "इतकं शिकून बी सांगता येत नाय?" पुढच्याच वर्षी, गुलाबी निघालेल्या तीनपैकी एका खोलीचा कोपरा बिनरंगी निघाला. सरांनी तीही रिकामी करवली. गेल्या दिवाळीत त्या कोपऱ्यातला, घमेल्याएवढा तुकडा खाली आला. खाली फरशी होती, खाट नव्हती. वडिलांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "आता परत कधी तपासणार?"

उरलेल्या दोन खोल्यांत आज मुली दाटीवाटीनं राहतात. पण शाळेत आहेत.

या वार्षिक फेऱ्या कुठल्याही आदेशात नाहीत. सर स्वतःची रजा टाकून एसटीनं जात असत. आज सर निवृत्त होताहेत, उद्यापासून ते नाहीत. यंदा मी जाईनच. पण मला दुसरीकडे नोकरी लागली तर? अध्यक्ष महोदय, ही तपासणी प्रयोगशाळेच्या नेमून दिलेल्या कामात घ्यावी, आणि त्या दिवसापुरती गाडी मिळावी, एवढी विनंती आहे.

आपण होकारार्थी मान हलवलीत. सभागृहानं पाहिलं आहे.

सत्काराच्या व्यासपीठावरून मागणं मागू नये, हे मला कळतं. तेवढं आपण पोटात घालावं. ऐकून घेतलंत, सर्वांची ऋणी आहे.