गौरीची चार जेवणं

परवा क्रांती चौकातल्या दवाखान्यात आमच्या घराची पार शोभा झाली. माझी आठ वर्षांची पुतणी गौरी एक जिना चढली तरी धापा टाकते, म्हणून मी सगळ्यांना ओढून नेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "शाळेतून आल्यावर किती वेळा जेवते?"

आई म्हणाली, "एकदाच. दुपारी, माझ्यासोबत."

वहिनी म्हणाली, "एकदाच. चारला शिफ्टवरून आल्यावर, माझ्यासोबत."

दादा म्हणाला, "एकदाच. सातला, माझ्या ताटात."

गौरी म्हणाली, "आणि आजोबांसोबत आठला."

आमच्याकडे कुणी एकट्यानं जेवायचं नाही, म्हणून सोबतीला प्रत्येक ताटावर ही पोर! डॉक्टर म्हणाले, "वजन आत्ताच आवरा."

मी तिथंच सुनावलं, "आजपासून शाळेतून आल्यावर गौरीचं एकच जेवण, रात्रीचं. आणि चारला ती माझ्यासोबत मैदानावर."

आई फणकारली, "अन् मी दुपारी भिंतीशी बोलत जेवू व्हय?"

"तिच्याशी बोल, पण तिला दुसरं ताट मिळणार नाय. आणि चारला तूपण चल."

काल आई आली आणि बाकावर बसली. गौरी हाशहुश करत तिच्याकडं वळली, "आजी, झाल्या ना चार फेऱ्या?"

"तीनच झाल्या. मला फसवतीस व्हय? पळ!"