दार उघडं, पंखा बंद

उपेंद्र : एकच शब्द काढला मी, वैष्णवी. एक शब्द! आणि अख्खा बिल्ड लाल, प्रोग्रॅम तयारच होईना?

वैष्णवी : ‘फायनल’ काढलात ना, सर? दाराच्या कोडावरचा, त्या क्लासवरून दुसरा बनवू न देणारा.

उपेंद्र : मग? कांदाचाळीचं दार उघडलं की पंखा बंद, हा नियम त्यात आहे. खंडेरावांना तो नकोय. त्या क्लासवरून दुसरा बनवतो, नियम तेवढा बदलतो, संध्याकाळी चांदवडला पाठवून देतो.

वैष्णवी : म्हणूनच तिथे तपासणी घातलीय. कोड कंपाइल होतानाच ती बघते, या क्लासवरून दुसरा बनवता येतो का. येत असेल तर बिल्ड तिथेच थांबतो.

उपेंद्र : आणि मी तपासणीच उडवली तर?

वैष्णवी : त्या फाइलला दोघांची मंजुरी लागते. दुसरी माझी. मी देणार नाही.

उपेंद्र : अगं, माझ्याच ऑफिसात मलाच अडवतेस? गिऱ्हाईक हातचं जाईल!

वैष्णवी : जाऊ दे. देवळ्याला असाच नियम बदललेला क्लास बनवून दिला होता आपण. माझ्या बायडाआत्याचा पदर पंख्यात गेला. अजून उजव्या हाताने भाकरी थापता येत नाही तिला.

उपेंद्र : विसरलो नाहीये मी ते. बरं, मग तूच सांग खंडेरावांना. हा घे, स्पीकरवर लावला फोन.

खंडेराव : बोला साहेब! झालं का काम?

वैष्णवी : काका, मी वैष्णवी, साहेबांच्या ऑफिसातली. ते काम होणार नाही. दार उघडं असताना पंखा चालणार नाही.

खंडेराव : आहो ताई, माल भरायला दिवसभर दार उघडंच राह्यतं. कांदा उबला म्हणजे? तुम्ही नाय केलं, आम्ही केलं! दार लागलं की दाबलं जातं ना, त्या बटणाला चिकटपट्टी मारली. लय झ्याक चालू राह्यला पंखा.

उपेंद्र : घे. तुझी तपासणी गेली चुलीत.

वैष्णवी : पट्टी त्यांनी लावली, सर. आपण ती इथून लावून पाठवायची नाही. काका, आत्ता चाळीत कोण आहे?

खंडेराव : आमच्या घरच्या, कुसाबाई. कांदा निवडू राह्यल्या.

वैष्णवी : पदर खोचलाय त्यांनी?

खंडेराव : आता ते काय... थांबा, बघतो.

वैष्णवी : बघत बसू नका. आधी पट्टी काढा!

खंडेराव : (लांबून) कुसाऽ! हाय तिथंच बस! हलू नको!

उपेंद्र : खंडेराव? हॅलो?

खंडेराव : काढली, ताई. पंख्याकडं पाठ करून बसली व्हती. पदर मागं, भुईवर.

उपेंद्र : वैष्णवी, तो शब्द मी परत टाकलाय. लाव बिल्ड.