मावशीचं घड्याळ

मुलांनो, कल्पना करा: बसस्थानकाच्या बाकावर तुमच्या शेजारी एक मुलगी बसली आहे आणि सगळं सोडून मठात सिस्टर व्हायला निघालेली तिची मावशी.

“मावशी, हे घड्याळ आता कायमचं माझं?”

“हो गं. तिथे घंटा वाजते.”

“साड्या आईला, सायकल मामाला. आणि मला कुणाला दिलंस?”

“वेडाबाई, तू काय वस्तू आहेस?”

“मग तुला काहीच नको?”

“नको. फक्त येशूच्या मागे जायचंय.”

“म्हणजे काहीतरी हवंच आहे की!”

“ते हवं असणं वेगळं.”

“कसं?”

“मलाही अजून नीट सांगता येत नाही, बाळा.”

“येशू आपल्या घरी नसतो?”

“असतो की.”

“मग?”

“ऊठ, बस लागली.”

मुलीने घड्याळ काढून मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या पिशवीवर फतकल मारून बसली.