किल्लीच्या भोकाभोवतीचे चरे

—मांजरच असणार हो, दुसरं काय असणार. गाडी उघड्यावर असते, वर कव्हर असतं, पण मांजराला कव्हर काय आणि गोधडी काय, सगळं सारखंच—असं का बघताय? जवळ जाऊन बघा की. बॉनेट बघा, टप बघा, डिक्की बघा—एक रेघ सापडायची नाही. अजून रंगाचा वास गेलेला नाही गाडीचा. चरे आहेत ते फक्त इथं, ड्रायव्हरच्या दारावर, हँडलच्या खाली, किल्लीच्या भोकाभोवती. हां, कळलं, कळलं मला तुम्हाला काय म्हणायचंय ते—मांजर काय कुलूप उघडायला येतं का. बरोबर आहे. तुमचं आयुष्य पत्र्यावर गेलं आणि मी तुम्हाला मांजर सांगतोय. बरं, मांजर सोडा. तुम्ही मला फक्त एवढं सांगा, हे दुपारच्या आत होईल का? रंग मी आणलाय, ज्यांनी गाडी नव्यासारखी केली त्यांच्याकडचाच, उरलेला, डबा मागच्या सीटखाली आहे—शेड जुळवायचीसुद्धा गरज नाही. त्यांच्याकडंच का नाही नेली म्हणता? नेली असती. पण तिथं मला ओळखतात, त्यांनी विचारलं असतं कसं झालं, कुणी केलं. म्हटलं ओळखीचं नको, लांब कुठंतरी जावं. तर तुम्हीही विचारताच आहात.

नाही, तसं नाही, विचारा, तुमचा हक्क आहे. बसू का या डब्यावर? बसतो. त्याचं असं आहे, ही गाडी आमची नव्हे मुळात. माझे वडील—नाना म्हणतो आम्ही—एका कारखानदाराकडं ड्रायव्हर होते, आणि ही त्या मालकांची गाडी. हीच. हिच्यासारखी दुसरी नव्हे. मी लहान होतो तेव्हा नाना हिला रोज सकाळी पुसायचे, आतून, बाहेरून, चाकांच्या खालून, आणि आई म्हणायची, एवढं आम्हाला पुसलं असतं तर आम्हीपण चमकलो असतो. मग मालक गेले, मुलं बाहेर, गाडी शेडमध्ये पडून राहिली. उंदरांनी गाद्या खाल्ल्या, खालचा पत्रा सडला. शेड पाडायची ठरली तेव्हा मला कळलं, आणि मी उचलली. सगळे म्हणाले वेडा आहेस, भंगार आहे ते. असू दे. मी म्हटलं, नानांसाठी करायची. आणि केली. बघताय ना? सगळं मूळचं. काचा मूळच्या, हँडलं मूळची, कुलूपसुद्धा मूळचं. गॅरेजवाला म्हणत होता साहेब बटणाचं लॉक बसवू, लांबूनच उघडेल. मी नाही म्हटलं. म्हटलं, जसं होतं तसंच पाहिजे, किल्लीनंच उघडली पाहिजे. मीच म्हटलं हो. कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी घरी आली त्या दिवशी आख्खी इमारत खाली. फोटो काय, हात लावून बघणं काय. नाना खाली आले, काठी टेकत, आणि सरळ ह्या दाराशी येऊन उभे राहिले—ह्याच. आणि मी—मी मागचं दार उघडलं. म्हटलं, नाना, इकडं, तुम्ही मागं. ते म्हणाले, "मागं?" मी म्हटलं, "आता तुम्ही मालक, मी ड्रायव्हर." सगळे हसले, कुणीतरी टाळ्यापण वाजवल्या, मला वाटलं काय छान बोललो. काठी मी त्यांच्या हातातून घेऊन डिक्कीत टाकली, काठीनं रंगाला लागतं म्हणून. आणि बसले ते मागं. माझ्या सीटला मागून जाणवत होतं, वळण आलं की त्यांचा पाय दाबला जायचा—ब्रेक दाबल्यासारखा. उजवा. प्रत्येक वळणाला. मला हसू आलं, मी घरी येऊन हिला सांगितलंसुद्धा, बायकोला, की नाना मागं बसून ब्रेक मारत होते. ती हसली नाही. ती म्हणाली, "मागं बसवलंत?" मी म्हटलं, मग काय, डोळे असे, हात असे, पुढं बसवून चालवायला देऊ? ती म्हणाली, चालवायला कुणी सांगितलं, नुसतं बसायला. मी म्हटलं, तुला काही कळत नाही.

—तो पॉलिश पेपर बारीक आहे ना? असू दे, असू दे, तुमचं काम तुम्ही बघा, मी आपलं बोलतोय.

तर चरे. थोड्या दिवसांनी पहिला चरा दिसला. मी बोटानं पुसून बघितला, गेला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग काय, माझी झोप उडाली. किल्लीच्या भोकाभोवती म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल. आणि मला कळलं की कोण करतंय—म्हणजे मला वाटलं, मला कळलं. आमच्या तळमजल्यावर एक बाई राहतात, एकट्याच. पूर्वी टायपिंगचे क्लास घ्यायच्या, सगळे टायपिंगबाईच म्हणतात. मी गाडी लावतो ती त्यांच्या खिडकीसमोर. त्या एकदा म्हणाल्या होत्या, अंधार होतो हो खोलीत, जरा हातभर पुढं लावाल का. साधं म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, पुढं लावली की झाडाचा चीक पडतो टपावर. त्या म्हणाल्या बरं. संपलं. पण माझ्या डोक्यात ते बसलं ना. चांगली गाडी दिसली की लोकांच्या पोटात दुखतं, हे आमचं घराघरातलं तत्त्वज्ञान. आणि मी—कसं सांगू—एका सुट्टीच्या सकाळी मी खाली गेलो आणि सगळ्यांसमोर बोललो त्यांना. फाटकाजवळ बाक आहे, तिथं आमच्या इमारतीतले वकील असतात, दूध घ्यायला आलेले असतात, सगळे होते. त्या पिशवी घेऊन आत येत होत्या. मी म्हटलं, "बाई, तोंडावर बोलायची हिंमत नसली की माणूस खिळे घेऊन हिंडतो, नाही का?" त्यांना आधी कळलंच नाही. मग मी दार दाखवलं. म्हटलं, "अंधार होतो ना तुम्हाला? मग दगडच घाला एकदाचा काचेवर." असं. ह्याच शब्दांत. त्यांनी दाराकडं बघितलं, नीट वाकून बघितलं, चष्मा वर करून. त्यांचा चेहरा बदलला, मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं. आणि त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं." आणि आत गेल्या. वकील पेपरातून मान वर काढून म्हणाले, अहो, या वयात शोभतं का हे. म्हणजे मला नाही—बाईंना. म्हणजे त्यांनाही पटलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्याशी कुणी धड बोलेना. कचरा न्यायला येणारीसुद्धा त्यांच्या दाराकडं बघून तोंड मुरडायची.

नाना? नाना नव्हते हो तेव्हा. ही त्यांना डोळे दाखवायला घेऊन गेली होती. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. आजसुद्धा.

—चरा आत गेलाय म्हणता? प्राइमरपर्यंत? मग? नाही, आधी ऐका.

चरे थांबले नाहीत ना. मला तर आणखी चेव आला. म्हटलं, पकडायचंच. ऑफिसातून दुपारी निघून आलो, कुणाला न सांगता, मागच्या फाटकातनं शिरलो आणि जिन्यात पहिल्या वळणावर खिडकी आहे तिथं उभा राहिलो. खाली गाडी दिसते. अंगणात कुणी नव्हतं. आणि नाना आले. मला वाटलं सावलीला बसायला आले असतील. तर त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कव्हर वर केलं, काठी झाडाला टेकवली—गाडीला नाही, झाडाला, लांब—आणि खिशातनं किल्ली काढली. मालकांच्या वेळची. एक जादा किल्ली आमच्या घरी असायची, ती कुणी परत मागितली नाही आणि ह्यांनी दिली नाही. ती घेऊन ते भोक शोधायला लागले. हात हा असा. दिसत नाही नीट, आणि हात असा. किल्ली इकडं लागतेय, तिकडं लागतेय, आणि ते तोंडानं काहीतरी पुटपुटतायत, लहान मुलाला समजावल्यासारखं. मला वरून पत्र्यावर घासल्याचा आवाज येत होता. तुम्हाला माहीत आहे कसा येतो तो.

आणि मग त्या बाहेर आल्या. टायपिंगबाई. हाक नाही, काही नाही, रोजचंच असल्यासारख्या आल्या, नानांच्या हातावर आपला हात ठेवला आणि हळूच किल्ली भोकात बसवली. मी बोललो होतो त्याच्यानंतरची गोष्ट ही, लक्षात घ्या. नंतरची. नाना आत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवून. चालू नाही केली, आत किल्ली लावलीच नाही त्यांनी, नुसते बसले. समोर बघत. एकदा उजवीकडं वळले असावेत, खांदा हलला तसा. बाईंनी खुर्ची आणली, दाराशी बसल्या, हातरुमालानं त्या भोकाभोवतीची जागा पुसत राहिल्या, पुसून जाणार आहे का ते. नाना काहीतरी सांगत होते, कुठल्यातरी घाटाचं असणार, आणि त्या मान हलवत होत्या. मला कधी सांगितलं नाही त्यांनी घाटाचं. म्हणजे मी कधी—असो.

मी खाली गेलो नाही. काय म्हणून जाऊ? बाईंनी वर बघितलं. दिसलो मी त्यांना. आणि त्यांनी मान हलवली, अशी, थोडीशी—येऊ नका. रागानं नाही. नाना लाजतील म्हणून. माझे वडील आपल्याच पोराच्या गाडीत चोरून बसतात, आणि त्यांची अब्रू राखायला कोण, तर जिला मी चोर म्हटलं ती. मी मागच्या फाटकानं ऑफिसात परत गेलो. जेवणाचा डबा उघडला, तसाच बंद केला.

सांगतो ना, गेलो होतो त्यांच्याकडं. गेलो होतो. आज सकाळी नव्हे, त्याच्या आधी. मनात ठरवून गेलो होतो की हात जोडायचे आणि म्हणायचं, चुकलो. बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. आत टेबलावर टायपरायटर, त्यात कुणाचा तरी अर्ज अर्धा. आणि मी तोंड उघडणार तर मागून वकील जिना उतरले आणि थांबले. थांबले म्हणजे चप्पल नीट करत. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, ते चऱ्यांचं..." त्या म्हणाल्या, "सापडला का कोणी?" काय वाटतं तुम्हाला, मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "नाही. अजून नाही." त्यांना माहीत होतं मला माहीत आहे. मला माहीत होतं त्यांना माहीत आहे. आणि मी म्हटलं अजून नाही. त्या म्हणाल्या, "बरं." दार लावलं, आपटलं नाही. वकील म्हणाले, ताकीद दिलीत ते बरं केलंत.

आता तुम्ही म्हणाल, नानांचं नाव बाहेर येऊ नये म्हणून बोललो नसेन. हिलापण मी तसंच सांगितलं. नानांची लाज झाकली म्हणून. हिनं पोळपाट जरा जोरात ठेवला. नानांचं नाव न घेताही बोलता आलं असतं की हो. "बाई, माझी चूक झाली, तुमचा काही संबंध नव्हता," एवढंच. कुणाचं नाव घ्यायला लागत होतं त्यात? जीभ काय झडणार होती? वकिलांसमोर कमीपणा नको, एवढंच होतं ते. दुसरं काही नाही. म्हणून मी म्हटलं, चरेच घालवून टाकू. चरे गेले की विषय गेला, लोक विसरतील, आणि वर एक पारदर्शक कागद मिळतो ना चिकटवायला, तो भोकाभोवती लावून घेऊ, म्हणजे नानांनी कितीही—

दोन दिवस? नाही, दोन दिवस नाही ठेवता येणार. वाळायला लागेल हे मलाही कळतं, पण दुपारी नाना खाली येतील आणि जागा मोकळी दिसली तर? विचारणार कुणाला? मला नाही विचारणार. बाईंना विचारतील. आणि त्या बिचाऱ्या काय सांगणार, त्यांना आणखी एक खोटं बोलायला लावू का मी? नुसतं वरून पॉलिश मारा, दिसणार नाही असं करा, लांबून तरी. लांबूनच बघतात लोक.

—काय म्हणालात?

नाही. बाईंना नाही सांगितलं अजून. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं तेवढंच. अनोळखी माणसासमोर बघा कशी जीभ सैल सुटलीय, सकाळपासून तुमचं काम खोळंबवून ठेवलंय, आणि तिथं एक वाक्य—

पेपर खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना. हात नका लावू आणखी, आहे तसंच असू दे. नाही, तुमच्यावर राग नाही. आज सुट्टी आहे, आत्ता खाली बाकावर सगळे असतील. वकील असतील. बाईपण या वेळेला पिशवी घेऊन येतात. किल्ली कुठाय माझी? तुमच्या हातातच आहे, द्या. आणि मेहेरबानी करा, आता काही बोलू नका. तुम्ही एक शब्द जरी बोललात ना, तर मी परत ह्या डब्यावर बसेन.