सतराव्या रांगेचं पॅनल

आजच्या सभेचे आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या विमान-दुरुस्ती केंद्राचे संचालक अर्देलेआन साहेब. व्यासपीठावर बसल्यामुळे कोबीच्या पानात खिमा भरलेले सारमाले निवत असतानाही उठता न येणारे सन्माननीय पाहुणे. आज निवृत्त होणाऱ्या झेनोव्हियाताई ह्रिस्कू. आणि बाकाऊच्या हँगरमधल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंबद्दल चार गोड शब्द बोलायला आयोजकांनी नेमकं मलाच सांगितलं. त्यांना आजवर एकच ताकीदपत्र मिळालं आणि ते मी दिलं होतं. निवड अचूक आहे.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. विमानात ज्या खिडकीला डोकं टेकून आपण झोपतो, ती खरी खिडकी नव्हेच. ते भिंतीच्या सुट्या पॅनलमध्ये बसवलेलं पातळ प्लास्टिक. खऱ्या तावदानांना आपल्या बोटांचे आणि लेकरांच्या चॉकलेटचे डाग लागू नयेत, एवढीच त्याची नोकरी. हवेचा दाब पेलणारी जाड तावदानं त्याच्या मागे असतात. पॅनल मात्र काहीही पेलत नाही, फक्त देखणं दिसतं. आम्हा अधिकाऱ्यांशी त्याची तुलना मी करणार नाही. अध्यक्ष शेजारीच आहेत.

ते काढायचं कसं? आधी रांगेतल्या खुर्च्या हलवायच्या, खालच्या पट्टीचे स्क्रू काढायचे, मग खालून हलकेच ओढून वरचे आकडे सोडवायचे. ताकद लावली की तडा जातो. ताई एकतीस वर्षं हेच करत आल्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही पॅनल तडकलं नाही. असल्या गोष्टीला पदक देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दुपारी दोनला विमान द्यायचं होतं. वैमानिकाने वहीत लिहिलं होतं, सतराव्या रांगेत खिडकीपाशी शिट्टी वाजते. मी अनुभवी माणूस, न बघताच निदान केलं.

“ताई, पॅनल सैल असेल. कडेला फोमची पट्टी लावा आणि मोकळ्या व्हा.”

“पॅनल शिट्टी वाजवत नाही, साहेब. त्याच्यामागचं काहीतरी वाजवतंय.”

“उघडायचा लेखी आदेश नाहीये.”

“मग लिहून द्या ना.”

मी लिहिलं नाही. जेवायला गेलो. परत आलो तर सतराव्या रांगेच्या खुर्च्या बाजूला, पॅनल कापडावर अलगद आडवं ठेवलेलं, आणि ताई गुडघ्यांवर बसलेल्या.

“हात घाला,” त्या म्हणाल्या.

“मी कशाला?”

“सही तुमची लागणार म्हणून.”

मी हात घातला. तावदानं आवळून धरणाऱ्या कड्याचा एक नट माझ्या बोटांनीच फिरला. आणखी दोन तसेच सैल. ती खिडकी आठ महिन्यांपूर्वी आमच्याच हँगरमध्ये बदलली होती आणि ‘तपासलं’ याखाली सही माझी होती.

ताईंना हे ठाऊक होतं. कागद त्यांनी आधीच काढून पाहिले होते. त्या ओरडल्या नाहीत. “बाकीच्याही बघूया का?” एवढंच म्हणाल्या. त्या वेळी बदललेल्या पाचही खिडक्या उघडल्या. आणखी एक तशीच निघाली. विमान दुसऱ्या दिवशी गेलं, भरून गेलं. आतल्या कुणालाच काही कळलं नाही. ते उशिराबद्दल आपल्याला शिव्या घालत बसले असतील.

मग मी माझं कर्तव्य बजावलं. अहवालात ‘किरकोळ समायोजन’ असा सुंदर शब्द घातला, आणि विनाआदेश पॅनल उघडलं म्हणून ताईंना ताकीद दिली. त्या वर्षी त्यांची बढती अडली. मला मात्र वर्षभराच्या वक्तशीरपणाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते घरी भिंतीवर आहे. बायको तिकडे बघतसुद्धा नाही.

आज सकाळी मी त्या अहवालाची खरी हकिगत लिहून संचालकांकडे दिली आणि ताकीदपत्र मागे घेतलं. साहेबांनी अजून वाचलेलं नाही; म्हणूनच ते इतके प्रसन्न दिसतायत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. ताई, तुम्ही मात्र घालू नका. चार वर्षं घातलंत, तेवढं पुरे. मी चुकलो होतो, आणि हे मला सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.